पंचाहत्तर सेकंद: एक पाठलाग आणि विवेकाचा प्रश्न

मागच्या वेळी आपण अॅरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. माणसाला त्याच्या कृतीबद्दल जबाबदार केव्हा धरायचं, हा प्रश्न चालला होता. आज तोच प्रश्न घेऊन ग्रीसमधून थेट कॅलिफोर्नियाला जायचंय, आणि तेही एका मोटरसायकलच्या मागे. विषय जाहीर झाला तेव्हा माझा एक जुना मित्र फोनवर म्हणाला, "अरे, तू आयुष्यात लूनाच्या पुढे गेला नाहीस, तुला काय कळतंय मोटरसायकलमधलं?" खरं आहे. पण हा खटला मी वर्गात बरीच वर्षं चर्चेला घेत आलो आणि दर वर्षी मुलं त्यावर भांडली. म्हणून म्हटलं, तुमच्यापुढेही मांडावा.

तारीख २२ मे १९९०. संध्याकाळचे साधारण साडेआठ. गाव सॅक्रामेंटो, कॅलिफोर्नियाची राजधानी. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याच्या, शेरीफ खात्यातला एक डेप्युटी आणि दुसरा एक पोलीस अधिकारी एका मारामारीच्या तक्रारीवरून गेले होते. ते काम आटोपून अधिकारी आपल्या गाडीकडे परत आला, तेवढ्यात एक मोटरसायकल भरधाव येताना दिसली. चालवणारा १८ वर्षांचा. मागे डबलसीट बसलेला मुलगा १६ वर्षांचा. मारामारीशी दोघांचाही काडीचा संबंध नव्हता. अधिकाऱ्याने गाडीवरचे फिरते दिवे लावले, ओरडून थांबायला सांगितलं आणि आपली गाडी डेप्युटीच्या गाडीजवळ सरकवून मोटरसायकल मधल्या मध्ये कोंडायचा प्रयत्न केला. चालवणाऱ्याने काय केलं? दोन गाड्यांमधल्या फटीतून मोटरसायकल हळूहळू बाहेर काढली आणि मग सुसाट सुटला.

हे 'हळूहळू' लक्षात ठेवा. ते माझं नाही, निकालपत्रातल्या हकिकतीतच आहे. मला पुढे ते लागणार आहे.

डेप्युटीने सायरन लावला, गाडी वळवली आणि मागे लागला. वस्तीतला रस्ता. मोटरसायकल समोरून येणाऱ्या वाहनांमधून नागमोडी चाललेली. दोन मोटारी आणि एका सायकलस्वाराला रस्त्याबाहेर जावं लागलं. वेग ताशी १०० मैलांपर्यंत गेला, म्हणजे १६० किलोमीटर. डेप्युटीची गाडी काही वेळा मोटरसायकलपासून जेमतेम १०० फुटांवर होती. हे सगळं चाललं ७५ सेकंद, अंतर १.३ मैल. शेवटी एका चढाच्या पुढे चालवणाऱ्याने डावीकडे झटकन वळायचा प्रयत्न केला आणि मोटरसायकल आडवी झाली. डेप्युटीने ब्रेक दाबला. चालवणारा वाटेतून बाजूला झाला होता. डबलसीटवाला झाला नव्हता. गाडी घसरत ताशी ४० मैलांच्या वेगाने त्याच्यावर गेली, तो ७० फूट लांब फेकला गेला आणि जागच्या जागी मेला.

आता थोडं गणित करू, अवघड नाही. ताशी १०० मैल म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४७ फूट. मग १०० फुटांचं अंतर किती वेळात संपतं? पाऊण सेकंदसुद्धा नाही. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या, सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. आणि त्या वेगात त्या गाडीला पूर्ण थांबायला ६५० फूट लागले असते, हे कोर्टापुढे आलेलंच आहे. म्हणजे ६५० फूट लागणार आणि हातात १०० फूट. पुढची मोटरसायकल पडली तर काय होणार, हे ती पडायच्या आधीच ठरून गेलं होतं.

इथे जरा मागे जाऊ या, कारण पाठलाग ही काही मोटारींबरोबर आलेली गोष्ट नाही. डिसेंबर १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी सायकलस्वार शिपायांचं एक पथक काढलं. तेव्हा तिथल्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. बेफाम सायकल हाणणाऱ्यांना तिथे 'स्कॉर्चर' म्हणत, म्हणजे रस्ता जाळत जाणारे! त्यांना पकडायला हे पथक. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८९६ मध्ये, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला मोटार जोरात चालवल्याबद्दल दंड झाला. गावातली मर्यादा ताशी २ मैल आणि हा चालला होता ८ मैलांनी! हवालदार सायकलवरून मागे लागला आणि त्याने पकडलं. वर्गात इथे हमखास हशा पिकायचा.

पण गंमत सोडून द्या. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पळणारा सायकलवर आणि पकडणाराही सायकलवर. पडला तर दोघांचाही गुडघा फुटणार. शंभर वर्षांत हे समीकरण पार बदललं. मोटरसायकल वजनाला हलकी, इंजिन दांडगं. वेग पकडण्यात ती पोलिसांच्या गाडीला हार जात नाही, फटीतून निघते, पण चालवणाऱ्याच्या अंगाभोवती काही नाही. मागे दीड-दोन टन लोखंड. पळण्याची सोय आणि मरण्याची सोय एकाच यंत्रात आली. आणि त्यात तिसऱ्याला बसायची जागा आहे, मागची.

त्या मुलाच्या आईवडिलांनी दावा केला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याला निष्काळजीपणाच्या दाव्यापासून संरक्षण होतं, त्यामुळे तो रस्ता बंद. उरला राज्यघटनेचा. अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती म्हणते, की सरकारने रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचं जीवित हिरावून घेऊ नये. आपल्या कलम २१ च्या जवळचं आहे. आईवडिलांचं म्हणणं, आमच्या मुलाचं जीवित सरकारच्या माणसाने हिरावलं. जिल्हा पातळीवर ते हरले. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. खात्याचा स्वतःचा लेखी आदेश होता, की पाठलाग करताना गुन्हा किती गंभीर आहे आणि लोकांना धोका किती आहे ते तोला, धोका जास्त असेल तर सोडून द्या. तो पाळलेला दिसत नाही, असं या न्यायालयाने धरलं.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ मे १९९८ ला निकाल लागला, 'काउंटी ऑफ सॅक्रामेंटो विरुद्ध लुईस'. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांचं. आईवडील हरले, आणि या निष्कर्षावर सगळे न्यायमूर्ती एकत्र होते. कारण काय दिलं? सरकारी माणसाचं वागणं सदसद्विवेकबुद्धीला धक्का देणारं असेल, तरच घटनेचा भंग. ही कसोटी १९५२ च्या एका खटल्यातली, ज्यात पोलिसांनी आरोपीच्या पोटात नळी घालून त्याने गिळलेला माल बाहेर काढवला होता. सूटर म्हणतात, तुरुंगातल्या कैद्याच्या औषधपाण्याची हयगय झाली तर नुसती बेपर्वाईही धक्कादायक ठरते, कारण तिथे विचार करायला वेळ असतो. पाठलागात वेळ नसतो, क्षणात ठरवावं लागतं. म्हणून तिथे इजा करण्याचाच हेतू होता असं दाखवावं लागेल. या डेप्युटीचा तसा हेतू नव्हता. बेकायदा वागणं चालवणाऱ्याने सुरू केलं, पोलिसांनी नाही. शहाणपणाने तो आवेग आवरायला हवा होता, हे सूटरही मान्य करतात, पण धक्का बसावा इतकं ते नाही म्हणतात.

न्यायमूर्ती स्कालिया यांना निष्कर्ष मान्य, कसोटी अमान्य. 'धक्का बसणं' हे माणसागणिक बदलणार, असं म्हणून त्यांनी तिची टर उडवली, आणि ती उडवताना कोल पोर्टरच्या एका जुन्या गाण्याचा आधार घेऊन चक्क महात्मा गांधींचं नाव ओढून आणलं. निकालपत्रात गांधीजी कसे आले, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जायचा. उत्तर एवढंच: गाण्यात होते म्हणून.

आता माझं म्हणणं. सूटर यांचा युक्तिवाद वाचायला देखणा आहे, पण घड्याळ चुकीच्या जागी सुरू केलंय. त्या ७५ सेकंदांत विचार करायला वेळ नव्हता, मान्य. पण विचार करायची वेळ ७५ सेकंदांतली होतीच कधी? अॅरिस्टॉटल 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात म्हणतो, की हातातून सुटलेला दगड परत आणता येत नाही, पण तो फेकणं तुमच्या हातात होतं. दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षेचा दाखलाही तो तिथेच देतो: शुद्ध नव्हती हे खरं, पण शुद्ध घालवली कोणी?

हा दगड दोघांना लावून बघा. चालवणाऱ्याचा दगड सुटला त्या फटीपाशी. आठवा, तिथे तो हळूहळू चालवत होता. घाई नव्हती. दोन गाड्यांमधून मोटरसायकल सांभाळून काढतो तो माणूस घाबरून भान हरपलेला नाही, तो निवड करतोय. आणि मागे बसलेल्याची निवडही तोच करतोय. त्याला कोणीही निर्दोष म्हणू नये. डेप्युटीचा दगड मात्र त्या रस्त्यावर सुटला नाही. तो सुटला जेव्हा खात्याचा लेखी आदेश कागदावर राहिला आणि अंगात उतरला नाही तेव्हा. आदेश लिहिणारा टेबलाशी बसून, चहा पिऊन, शांतपणे लिहितो. विचाराची वेळ ती. दोष म्हणजे काही पोळी नव्हे, की एकाच्या पानात मोठा तुकडा गेला म्हणजे दुसऱ्याचा लहान होतो. दोघेही पुरते दोषी असू शकतात.

हे नुसतं तत्त्वज्ञान आहे असं वाटत असेल तर आकडे घ्या. मायामीच्या भागातल्या मेट्रो-डेड पोलिसांनी १९९२ मध्ये नियम केला, की हिंसक गंभीर गुन्हा असेल तरच पाठलाग करायचा. पुढच्या वर्षी पाठलाग ८२ टक्क्यांनी घटले. उलट ओमाहा शहराने १९९३ मध्ये नियम सैल केला आणि पाठलाग ६०० टक्क्यांहून जास्त वाढले. जेफ्री अल्पर्ट या अभ्यासकाने ही नोंद केली आहे. रस्ते तेच, पोलीस तेच, पळणारेही तेच, बदलला फक्त कागद. त्याच अभ्यासात पाठलाग झालेल्या आरोपींना विचारलं, पोलिसांनी सोडून दिलं असतं तर? बहुतेकांनी सांगितलं, आम्ही वेग कमी केला असता. आरोपींचं बोलणं किती धरायचं, हे तुम्ही ठरवा. मला ते खोटं वाटत नाही. मी वर्गात विचारायचो, समोर मामा दिसल्यावर गाडी वळवून गल्लीत कोण घुसलंय? निम्मे हात वर. "आणि मग पुढे?" "पुढे काही नाही सर, गल्ली संपली की नेहमीसारखं." आता तर मामा नंबरप्लेटचा फोटो काढतात आणि चलान फोनवर येतं, पळून उपयोग नाही.

यावर एक आक्षेप सरळ आहे, आणि तो टाळायचा नाही. पोलीस मागे येणार नाहीत हे ठाऊक झालं तर सगळेच पळतील. २००७ च्या स्कॉट विरुद्ध हॅरिस खटल्यात स्कालिया यांनी नेमकं हेच मांडलं. तिथे पळणारा मोटारीत होता, पोलिसांनी मागून धडक दिली आणि तो कायमचा अपंग झाला. न्यायालय आठ विरुद्ध एक मतांनी पोलिसांच्या बाजूने गेलं. पळून सुटण्याचं बक्षीस मिळता कामा नये, हा मुद्दा मला पटतो. पण तो पळणाऱ्याबद्दल आहे. सॅक्रामेंटोत मेलेला मुलगा पळत नव्हता, पळवला जात होता. त्याला कसलं बक्षीस आणि कसली शिक्षा?

कॅलिफोर्नियाने नंतर कायदा थोडा बदलला. पाठलागाचं लेखी धोरण असलं की पोलीस खात्याला दाव्यापासून संरक्षण मिळत असे. २००५ च्या दुरुस्तीने त्यात प्रशिक्षणाची अट आली, आणि प्रत्येक अधिकाऱ्याने 'मी हे धोरण वाचलं, मला समजलं' असं लिहून द्यायचं ठरलं. कागद अंगात उतरवण्याचा हा प्रयत्न होता. मग २०१८ मध्ये गार्डेना शहराचा खटला त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रश्न असा, की सगळ्यांनी सह्या केल्याच नसतील तर? न्यायालय म्हणालं, सही करायला हवी अशी अट धोरणात असली म्हणजे पुरे, एकूण एक सही असायलाच हवी असं नाही. त्या खटल्यातही पोलिसांनी एका पिकअप गाडीचा पाठलाग करून तिला धक्का दिला होता. मेलेला माणूस गाडी चालवत नव्हता, बाजूला बसला होता. दावा त्याच्या आईने केला होता.

बरं, माझी वेळ संपली. प्रश्न असतील तर घेऊ या. त्या मागच्या खुर्चीवरच्या ताई बऱ्याच वेळापासून हात वर करून बसल्या आहेत, आधी त्यांना माइक द्या.