फॉन्टाधारित मराठी मजकूर आणि संचालन प्रणालीतील बदल

फॉन्टाधारित मजकूर म्हणजे युनिकोडपूर्व पद्धतीने, रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवून संगणकावर लिहिलेला मजकूर होय. अशा फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठवलेली असतात. नवी संचालन प्रणाली घेताना तो विशिष्ट फॉन्ट पुन्हा बसवला नाही, तर स्मरणिका, सभांची इतिवृत्ते, ग्रंथांच्या मुद्रणप्रती एका दिवसात अवाच्य होतात. मजकूर मात्र शाबूत असतो; तो बिघडला असे समजून फाइल पुसणे हीच खरी हानी.

युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून मिळू लागली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचला. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) भारतीय लिप्यांची सोय बहुधा मूळ सीडी घालून वेगळी बसवावी लागे, आणि ती सीडी ऐनवेळी सापडत नसे. व्हिस्टापासून (२००७) ही सोय अंगभूत झाली. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला. पुढील ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नसल्याने त्या काळची कित्येक टंकलेखन साधनेही निकामी ठरली.

रूपांतरक वापरून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. तथापि प्रत्येक फॉन्टची संकेतरचना निराळी असते. शिवाय जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाआधी, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांत चुका राहतात आणि मुद्रितशोधन टळत नाही. मराठीस आवश्यक असलेले 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या फॉन्टांत त्या जागी रिकामी चौकट दिसते.