महोत्सवाची नगरव्याप्ती : पणजीच्या आधारे एक विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. नियत कालावधीत, निवडसमितीने निवडलेल्या चित्रपटांचे, मुख्यतः नोंदणीकृत प्रतिनिधींपुढे होणारे प्रदर्शनसत्र म्हणजे चित्रपट महोत्सव. या लक्षणात स्थळाचा निर्देश नाही. म्हणून 'शहरात भरणारा' आणि 'शहरभर भरणारा' महोत्सव हे दोन भिन्न पदार्थ मानावे लागतात. पहिल्यात शहर केवळ अधिकरण असते. दुसऱ्यात ते घटक होते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर कशाने होते, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे अनेक दशके तो दिल्ली आणि इतर शहरांतून भरत राहिला व २००४ मध्ये गोव्यात, पणजीला, येऊन स्थिरावला. महानगर असा महोत्सव पचवून टाकते; पलीकडच्या रस्त्याला त्याचा पत्ताही नसतो. पणजी लहान. तेथे प्रश्न उलटा होता : शहर पुरेल का?

येथे 'पुनरुज्जीवन' ही दुसरी संज्ञा येते. मूळ प्रयोजन संपलेल्या वास्तूला नवे प्रयोजन मिळणे, हा तिचा अर्थ. रंगरंगोटीचा त्यात अंतर्भाव होत नाही. (सरकारी फलकांवर मात्र बहुधा तोच अर्थ अभिप्रेत असतो.) गोव्यातील वैद्यकीय विद्यालयाची स्थापना १८४२ ची. त्याचे उत्तराधिकारी गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, बांबोळीला हलल्यावर पणजीतील मांडवी नदीकाठचे जुने संकुल रिकामे झाले. २००४ च्या महोत्सवासाठी त्याच परिसरात बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले आणि तेथील मॅकिनेझ पॅलेसमध्ये छोटे सभागृह झाले. रुग्णांच्या नातेवाइकांनी जेथे ताटकळावे, तेथे चित्रपटाच्या रांगा लागल्या.

यावरून प्रदर्शनस्थळांचे तीन प्रकार संभवतात. एक, परिवर्तित : वरील संकुल. दोन, पूर्वसिद्ध : चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कांपालची कला अकादमी, किंवा बाजारपेठेतील सम्राट-अशोक ही जुनी चित्रपटगृहांची जोडी, जी अलीकडच्या काही वर्षांत महोत्सवाच्या नकाशावर आली. तीन, अनावृत : मिरामारचा किनारा आणि आल्तिनोवरील जॉगर्स पार्क.

स्थळे वाढली की महोत्सव पसरला, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. दोन स्थळांमध्ये प्रतिनिधींना बसगाडीने नेले, तर स्थळे दोन राहतात आणि मधला भाग शून्य. व्याप्तीचे खरे एकक स्थळ नसून दोन खेळांमधला अवकाश होय. या अवकाशाची मर्यादा दोन्ही बाजूंनी आहे. वीस मिनिटांचा अवकाश असेल तर प्रेक्षक दारातून निघून त्याच दाराच्या रांगेत उभा राहतो. तीन तासांचा असेल तर तो निवासावर जाऊन झोपतो. तासाभराचा असेल, आणि पुढचा खेळ दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असेल, तरच तो रस्त्याला लागतो : गळ्यात ओळखपत्र, काखेत कार्यक्रमपत्रिका, आणि वाटेत एखाद्या गाड्यावर रस-आमलेटची बशी. गाडेवाला पाव पुढे करतो, त्या क्षणी महोत्सव त्या वस्तीत पोहोचलेला असतो. यातून निष्कर्ष असा की व्याप्ती ठरवणारा दस्तऐवज नकाशा नसून वेळापत्रक आहे. आणि वेळापत्रक करणारे, माझ्या समजुतीप्रमाणे, पदपथाचा विचार क्वचितच करतात.

कालाचा आणखी एक पैलू आहे. शहराला स्वतःचे पंचांग असते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त. दर दहा वर्षांनी त्याच संताचा शवप्रदर्शन सोहळा. २००४ मध्ये पहिला गोमंतकीय इफ्फी आणि शवप्रदर्शन एकाच हंगामात आले. २०२४ मध्येही तसेच झाले. खोल्या, टॅक्सी आणि मांडवीकाठचा रस्ता, तिन्हींवर दोन गर्दींचा हक्क. महोत्सव सुरू करणाऱ्याने शहराकडे जागा मागण्यापूर्वी तारखा मागाव्यात, हे येथून प्राप्त होते.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू, कारण पहिल्या दोहोंना लागू असलेली प्रतिनिधीची अट येथे सैल होते. अनावृत स्थळी भिंत नसल्याने ओळखपत्राला अर्थ उरत नाही. तोटे उघड आहेत : अंधार पडेपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही, त्यामुळे दिवसाला एखादाच खेळ, वाऱ्याने पडदा फुगतो, संवाद लाटांत जातात. तेथे गंभीर चित्रपट दाखवणे हा त्या चित्रपटावर अन्याय ठरू शकतो. तथापि मिरामारच्या वाळूत चपला काढून बसलेले कुटुंब प्रतिनिधी नसते, आणि आरंभी दिलेले महोत्सवाचे लक्षण केवळ प्रतिनिधींपुरते ठेवले असते, तर त्यात ते सामावले नसते. 'मुख्यतः' हा शब्द तेथे योजावा लागला, तो या कुटुंबासाठी.

पणजीतल्याच मळा-फोंतेन्यासच्या गल्ल्या मात्र या तिन्ही प्रकारांच्या बाहेर राहतात. तेथे कायमचे चित्रपटगृह नाही आणि मोठा पडदा उभारण्याजोगे मैदानही नाही. महोत्सवातला पाहुणा तेथे जातो तो रंगीत भिंतीपुढे छायाचित्र काढायला, आणि घरमालक खिडकी लावून घेतो.