दवाखान्याला गुण कोण देणार?

सरकारी आरोग्यसेवेचे मूल्यमापन म्हणजे साहेबांची तपासणी, वहीतील आकडे आणि वरच्या कार्यालयाकडे जाणारा अहवाल, अशी रीत दीर्घकाळ होती. ज्यांच्यासाठी दवाखाना उभारला त्यांनीच त्याला गुण द्यावेत, ही कल्पना सरकारी कार्यक्रमात यायला २००७ साल उजाडावे लागले.

आधी थोडे मागे जाऊ. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राचा आराखडा मांडला. पुढे निकष ठरले: मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० ला, उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० ला. हा निकष माणसे मोजतो, चढण मोजत नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री तेथे दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना भर पावसात पायी चढावे लागले. ते अंतर साऱ्या महाराष्ट्राला त्या रात्री कळले. वाडीतील गरोदर स्त्रियांना ते पूर्वीपासून ठाऊक होते.

याच जिल्ह्यात, तो अजून कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, निराळा प्रयोग झाला होता. जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७० च्या दशकात अलिबागजवळील मांडवा परिसरात गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. त्या उत्तम काम करू शकतात, हे सिद्ध झाले. मात्र स्थानिक सत्ताधाऱ्यांना ते रुचले नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. आरोग्यसेवेचा हिशेब मागणे हे राजकारणच असते, हे मांडव्याने फार लवकर दाखवले.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्यातील लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात प्रथम ठाणे, पुणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. रायगड नंतरच्या टप्प्यात आला आणि कर्जतच्या दिशा केंद्राने येथील काम पाहिले. पद्धत साधी होती. नर्सबाई येतात का, बाळाचे वजन होते का, औषध फुकट मिळते का, कोणी पैसे मागतो का, हे गावकऱ्यांनाच विचारायचे. उत्तरांवरून हिरवा, पिवळा वा लाल रंग भरलेला तक्ता तयार होई. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो मांडला जाई. ज्या बाईने केंद्राच्या पायरीवर कधी आवाज चढवला नाही, ती तेथे माइकवर बोले.

तरीही या तक्त्यात एक फट राहते. कर्जत-खालापूरचे अनेक कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात वाडीत वजनकाटा येतो, पोषणाचा सल्लाही दिला जातो. मूल मात्र भट्टीवर असते. मोजलेच न गेलेले मूल कुपोषित ठरत नाही, आणि तक्ता हिरवा राहू शकतो. सल्ल्याचीही तीच गत. पालेभाज्या खा, असे कोणाला सांगायचे? पावसाळ्यात शेवळे, कंटोळी, भारंगी रानातून खुडून बाजारात विकायला बसणाऱ्या बाईला? ती भाजी तिच्या घरात शिजत नाही, कारण तिच्या विक्रीतूनच तांदूळ येतो.