कॅसरोलची कैफियत

बाहेर बर्फ पडत असता आणि दिवसभराच्या श्रमाने शिणलेली माणसे घरी परतलेली असता, अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मेजावर ओव्हनमधून काढून जो एक वाफाळता, वरून तांबूस आणि खरपूस झालेला पदार्थ ठेवला जातो, आणि ज्यात शिजवलेल्या कोंबडीचे तुकडे, मॅकरोनी वा तत्सम एखादा पास्ता, दाट व्हाइट सॉस आणि चीज ही सर्व एकमेकांत मुरून गेलेली असतात, त्याला तेथे कॅसरोल म्हणतात. पोळ्या गरम राखणाऱ्या ज्या डब्याला आपण ते नाव देतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हा आमच्या आजीच्या हातचा अस्सल घरगुती पदार्थ, असे तेथील माणसे अभिमानाने सांगतात, आणि त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारणही नाही. परंतु या पदार्थाची कैफियत तपासू लागले म्हणजे असे आढळून येते की, त्याचा जवळजवळ प्रत्येक घटक घराबाहेर सिद्ध झाला, कोठे उमरावांच्या मुदपाकखान्यात, कोठे हॉटेलात, कोठे काचेच्या आणि डब्यांच्या कारखान्यात. घर हे त्या प्रवासातले अगदी शेवटचे ठाणे होते.

पास्ता आणि चीज यांची सोयरीक जुनी आहे. नेपल्सच्या दरबाराशी जोडल्या जाणाऱ्या, चौदाव्या शतकातील 'लिबेर दे कोक्विना' या लॅटिन पाकग्रंथात उकडलेल्या पातळ पापड्या आणि किसलेले चीज यांचे थर लावण्याची कृती आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी 1390 च्या सुमारास अशीच एक कृती लोणी घालून लिहून ठेवली. पुढे नेपल्स व सिसिली येथील सरदारांच्या घरी, फ्रेंच पद्धतीत तयार झालेल्या खानसाम्यांनी मॅकरोनी, कोंबडीचे मांस, काळीज आणि उकडलेली अंडी पिठाच्या जाड कवचात भरून भट्टीत भाजण्याची रीत परिपूर्णतेस नेली. लांपेदुसा यांच्या 'इल गात्तोपार्दो' या 1958 च्या कादंबरीत अशा एका भोजनाचे वर्णन आले आहे. कोंबडी आणि मॅकरोनी एकाच ताटात हे त्या काळी ऐश्वर्याचे लक्षण होते, कारण रयतेला यांपैकी एकही वस्तू रोज मिळत नव्हती.

अमेरिकेत मॅकरोनी आणली ती थॉमस जेफरसन यांनी, अशी एक लोकप्रिय आख्यायिका आहे. ती खरी नाही. एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या 1769 च्या इंग्रजी पाकपुस्तकात पार्मेझान चीज घातलेल्या मॅकरोनीची कृती छापलेली आहे, आणि इंग्रजी पुस्तके वसाहतींत वाचली जातच होती. जेफरसन यांच्या मुदपाकखान्याचे दप्तर उघडावे ते निराळ्या कारणासाठी. 1784 साली ते अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला गेले, तेव्हा जेम्स हेमिंग्ज नावाचा एकोणीस वर्षांचा गुलाम त्यांनी फ्रेंच पाककला शिकण्यासाठी बरोबर नेला. हा तरुण जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या घरातील नात्यांचा गुंता लक्षात येतो. पॅरिसच्या नामांकित आचाऱ्यांच्या हाताखाली तो शिकला, वकिलातीच्या स्वयंपाकघराचा मुख्य झाला, आणि फ्रान्सच्या भूमीवर मुक्ततेसाठी अर्ज करण्याची सोय असताही 1789 मध्ये धन्याबरोबर परत गेला.

1793 साली जेफरसन यांनी एक करारपत्र लिहून दिले, ते आजही वाचता येते: हेमिंग्जने आपली विद्या दुसऱ्या एखाद्या आचाऱ्यास शिकवावी, म्हणजे त्याची मुक्तता करण्यात येईल. त्याने धाकटा भाऊ पीटर याला तयार केले आणि फेब्रुवारी 1796 मध्ये स्वातंत्र्याची सनद मिळवली. निघण्यापूर्वी, त्या महिन्याच्या 20 तारखेस, त्याने स्वयंपाकघरातील भांड्यांची मोजदाद स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवली. तांब्याची पातेली, झाकणे, साचे असा तो जायदाद सोपवून देणाऱ्या कारकुनाचा चोख दस्तऐवज आहे, आणि हा मनुष्य स्वतः काल-परवापर्यंत अशाच एखाद्या यादीतली बाब होता, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. 1801 मध्ये बॉल्टिमोर येथे त्याने आत्महत्या केली. पुढल्याच वर्षी, 6 फेब्रुवारी 1802 रोजी, राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन यांच्या पंक्तीस मॅकरोनीचा भाजलेला पदार्थ वाढला गेला. मॅनासेह कटलर नावाच्या प्रतिनिधीने रोजनिशीत तो उग्र आणि बेचव असल्याची नोंद केली. त्याला त्यातील नळ्या कांद्याच्या वाटल्या होत्या, आणि त्यात कांदा मुळीच नाही हे जेफरसन यांचे सचिव मेरिवेदर ल्यूइस यांनी समजावून सांगितले!

1824 मध्ये मेरी रँडॉल्फ यांनी 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' या पुस्तकात मॅकरोनी, चीज आणि लोणी यांचे थर लावून तापलेल्या भट्टीत वीस-तीस मिनिटे ठेवण्याची कृती छापली, आणि पदार्थ उंबरठ्यापर्यंत आला. तरी मॅकरोनी परदेशी आणि महागच राहिली. 1880 ते 1920 या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत येऊन उतरले, तेव्हा तिचे गिऱ्हाईक वाढले. आणि मार्क कार्लटन या सरकारी धान्यतज्ज्ञाने रशियातून आणलेला कठीण दाण्याचा ड्युरम गहू, म्हणजे आपल्याकडील बन्सी गव्हाचाच सगोत्र, डाकोटाच्या कोरड्या मैदानांत रुजला, तेव्हा तिचा पुरवठाही देशातच होऊ लागला. पहिल्या महायुद्धाने इटलीची आवक थांबवली आणि उरलेले काम पुरे केले.

कोंबडी या गोतावळ्यात सामील झाली ती एका गायिकेच्या कीर्तीमुळे. लुइझा तेत्राझिनी या फ्लॉरेन्सला जन्मलेल्या गायिकेने 1905 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जिंकले, 1908 च्या आरंभी न्यूयॉर्क जिंकले, आणि 1910 च्या नाताळच्या पूर्वसंध्येस सॅन फ्रान्सिस्कोच्या भर चौकात, लाखोंच्या संख्येने लोटलेल्या समुदायापुढे ती उघड्यावर गायिली. अशा कलावतीच्या नावाने पदार्थ करणे हा त्या काळच्या मोठ्या हॉटेलांचा शिरस्ता होता. मेल्बा या गायिकेच्या नावाचे पीच एस्कॉफिये या नामांकित आचाऱ्याने याच परंपरेत निर्माण केले. बारीक पास्ता, कोंबडी किंवा टर्की, अळंबी, साय घातलेला सॉस, शेरी आणि वर पार्मेझानचा थर, अशा 'चिकन तेत्राझिनी'वर सॅन फ्रान्सिस्कोचे पॅलेस हॉटेल हक्क सांगते, तसाच न्यूयॉर्कचे निकरबॉकर हॉटेलही सांगते. या वादाचा निवाडा करण्यात मला स्वारस्य नाही. ऑक्टोबर 1908 च्या 'गुड हाउसकीपिंग' मासिकात त्याचा उल्लेख येतो, म्हणजे गायिका न्यूयॉर्कला प्रथम गायिल्यानंतर वर्षाच्या आतच गृहिणींच्या मासिकापर्यंत तिचा पदार्थ पोहोचला होता, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

पण वाचणे निराळे आणि करणे निराळे. ज्या भांड्यात शिजवावे त्याच भांड्यात वाढावे अशी सोय सामान्य घरी नव्हती. रेल्वेच्या कंदिलांची तापलेली काच पावसाने आणि बर्फाने तडकत असे, म्हणून कॉर्निंग ग्लास वर्क्स या कारखान्याने उष्णता सोसणारी काच तयार केली होती. तेथील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांची पत्नी बेसी हिचे मातीचे भांडे ओव्हनमध्ये फुटले, तेव्हा 1913 साली तिने नवऱ्याकडून त्या काचेच्या बॅटरीच्या बरणीचे कापलेले बूड मागवून घेतले आणि त्यात केक भाजून दाखवला. 1915 मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. त्याच वर्षी अमेरिकन स्टोव्ह कंपनीने ओव्हनची उष्णता मुक्रर करणारे यंत्र विक्रीस काढले. तोवर बायका ओव्हनमध्ये हात घालून आकडे मोजीत, किंवा पिठाची चिमूट किती वेळात तांबूस होते यावरून आचेचा अंदाज करीत.

आता राहिली कोंबडी. अंडी देऊन थकलेली कोंबडी कापायची, तीही रविवारी, हा शेतकऱ्याच्या घरचा रिवाज. खास मांसासाठी कोंबड्या पाळणे हा धंदा नव्हताच. 1923 मध्ये डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईने 50 पिल्ले मागवली आणि उबवणी केंद्राच्या चुकीने 500 आली. तिने ती परत केली नाहीत. खुराडे बांधून वाढवली आणि पौंडाला 62 सेंट या चढ्या भावाने विकली. 1926 पर्यंत दहा हजार पक्ष्यांची सोय तिच्याकडे झाली होती, आणि शेजारीपाजारी सारे तिच्या मागोमाग त्या व्यवसायात उतरले होते. दुसऱ्या महायुद्धात गोमांस व डुकराचे मांस रेशनवर गेले, कोंबडी गेली नाही. तेव्हा हा मामला कायमचा मार्गी लागला.

सर्वांत मोठी क्रांती मात्र डब्याने केली. गॉटिंगेनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले जॉन डॉरन्स 1897 साली काकांच्या ओळखीने कॅम्डेनच्या कॅम्पबेल कंपनीत आठवड्याला साडेसात डॉलरांवर रुजू झाले, आणि त्यांनी सूपमधील बरेचसे पाणी काढून टाकण्याची तजवीज केली. पाणी गेले म्हणजे वजन गेले, वजन गेले म्हणजे वाहतूक स्वस्त झाली, आणि तीस सेंटांच्या जागी दहा सेंटांत डबा मिळू लागला. 1934 मध्ये अळंबीचे सायीसारखे दाट सूप आले, 1947 मध्ये कोंबडीचे. हे सूप न उकळता तसेच सॉस म्हणून वापरावे, असे कंपनीच्याच पाकगृहातून सांगितले जाऊ लागले. मिनेसोटातील लूथरपंथी बायकांनी तर ते इतके आपलेसे केले की त्या प्रांतात त्याला थट्टेने 'लूथरन खळ' म्हणण्याचा प्रघात पडला. मंदीत पैसा नव्हता, युद्धात वेळ नव्हता, आणि युद्धानंतर दोन्ही थोडे थोडे आले तरी सवय सुटली नव्हती. अभिरुचीच्या नावाने या डब्याची हेटाळणी करणारे लेखक पुष्कळ झाले. दिवसभर कारखान्यात उभे राहून आलेल्या बाईने रात्री कढईपुढे उभे राहून मैदा ढवळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो स्वतः ढवळावा, एवढेच मी म्हणेन.

ढवळण्यास हरकत नसेल तर जुनी रीत चवीला श्रेष्ठ आहे, हेही कबूल केले पाहिजे. कांदा, गाजर व सेलरी घालून कोंबडी मंद आचेवर शिजवावी आणि पाणी गाळून राखून ठेवावे, कारण सर्व स्वाद त्यातच उतरलेला असतो. लोण्यावर मैदा रंग न बदलता परतून त्यात ते पाणी आणि दूध थोडे थोडे सोडीत जावे, आणि शेवटी जायफळ किसावे. पास्ता पुरता शिजण्याआधी दोन-तीन मिनिटे उपसावा. ओव्हनमध्ये तो सॉस पीत राहतो, म्हणून सॉसही हवा त्याहून पातळच ठेवावा. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने भांड्यात कोरडा गोळा उरल्याची उदाहरणे असंख्य आहेत. वर लोण्यात घोळवलेला पावाचा चुरा आणि चीज. साधारण 180 अंश सेल्सियसवर अर्धा तास पुरतो, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात न लावणे हे पथ्य पाळले तर सॉस बसतो व तुकडे नीट निघतात.

हे भांडे एका घरापुरते क्वचितच भरले जाई. कोणाकडे मूल जन्मले, कोणी आजारी पडले, कोणाकडे मृत्यू झाला, की शेजारणी आपापले कॅसरोल टॉवेलात गुंडाळून त्या घरी नेऊन देत, जसे आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आप्तांकडून पिठलं-भात जातो. एकाच घरी अनेक भांडी जमत, म्हणून बुडाला चिकटपट्टी लावून तीवर मालकिणीचे नाव लिहिण्याची वहिवाट पडली. 1965 च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर तेथे गेलेल्या कित्येक मराठी कुटुंबांची या पदार्थाशी पहिली ओळख अशा शेजारधर्मातूनच झाली. शाकाहारी घरी कोंबडीच्या जागी फ्लॉवर आणि मटार आले, एवढाच फरक.

या कृती टिकल्या त्या चर्चच्या महिला मंडळांनी छापलेल्या पुस्तकांत. यादवी युद्धातील जखमींच्या मदतीसाठी 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या मेळ्यात विकलेल्या पुस्तकापासून ही प्रथा सुरू झाली, आणि विसाव्या शतकात गावोगाव पसरली. तारेच्या वेटोळ्याने बांधलेल्या त्या पुस्तकांत साहित्याच्या यादीत सूपच्या डब्याखाली अनेकदा कंपनीचे पूर्ण नाव असते; कृती देणाऱ्या बाईची सही मात्र पुष्कळदा 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचे नाव, एवढीच असते, तिचे स्वतःचे नाव शोधायचे तर त्या गावच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळाव्या लागतात.