चिऱ्याची धूळ, लाखेचा लेप

सिंधुदुर्गात गाडी कुठल्याही रंगाची घ्या, पावसाळा सरला की दोन महिन्यांत ती चिऱ्याच्या रंगाची होते. पुढे चिरेखाणीतून भरून निघालेला डंपर असेल तर दोन दिवससुद्धा पुरतात. मी पुण्यात कोड लिहितो, महिन्या-दीड महिन्याने मालवणला येतो, आणि माझी गाडी काळी आहे. काळ्या गाडीवर धूळ दिसते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती पुसल्यावर काय उरतं ते दुपारच्या उन्हात बघा: बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा. (खरं तर त्या गोल नसतातच. रेघा वाट्टेल त्या दिशेने गेलेल्या असतात, पण प्रकाशाला आडव्या असतील तेवढ्याच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळ दिसतं.) धूळ नुसती बसून राहिली असती तर त्या उमटल्या नसत्या. रोज सकाळी प्रेमाने कोरडा फडका फिरवणाऱ्या हाताने त्या काढलेल्या असतात.

या धुळीची ओळख करून घ्यायला हवी. फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८००-०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर म्हैसूर, कानडा आणि मलबार फिरला. लोक जमिनीतून मऊ दगड कापून काढतात आणि तो हवेवर कडक होतो, हे त्याने मलबारात अंगाडीपुरमजवळ पाहिलं. विटेला लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणतात, त्यावरून त्याने दगडाला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. पुस्तक १८०७ मध्ये छापून आलं. आपण त्यालाच जांभा म्हणतो आणि घरं बांधतो. जांभ्यात लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, चिकणमाती असते, आणि क्वार्ट्‌झचे कणही असतात. रस्त्यावर त्यात किनाऱ्याची वाळू मिसळते. मोहच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झची कठीणता ७, खिडकीच्या काचेची साधारण साडेपाच. गाडीवरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, हे मुळात प्लास्टिक आहे. त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा केस याहून जाड असतो.

आपल्याकडे स्वच्छ करणं म्हणजे घासणं. तांब्याचं घंगाळ चिंचेने, पितळेची समई राखेने, तवा नारळाच्या सोडणाने. जेवढा जोर, तेवढी चकाकी. घंगाळाला हे चालतं, कारण ते आरपार तांब्याचंच असतं. वरचा थर गेला तरी खाली तांबंच. अपवाद कल्हईचा. कथिलाचा तो पातळ हात घासून घासून जायचा, मग भाता घेऊन कल्हईवाला दारात यायचा. गाडीची चकाकी ही कल्हईच्या जातीची आहे, आणि आपण तिच्याशी घंगाळासारखे वागतो.

वरच्या थराला जपायचं असतं हे ज्ञान मात्र आपल्या जिल्ह्यात जुनं आहे. सावंतवाडीच्या चितारींकडे ते होतं. गंजिफाचे गोल पत्ते तुम्ही राजवाड्यात पाहिले असतील. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, त्यावर चित्र काढायचं आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. म्हणजे खाली अस्तर, मध्ये रंग, वर पारदर्शक लेप. आजच्या कारखान्यात गाडीवर चढतात ते थर याच क्रमाने: प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट. हेतूही तोच. पत्ते शेकडो वेळा पिसले जाणार, घामट हातांतून एकमेकांवर घासत जाणार. झिजायचंच असेल तर लाख झिजू दे, मत्स्यावतार नको. ही कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी १९७०च्या दशकात पुंडलिक चितारींसारख्या वृद्ध कारागिराला हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. तसं झालं नसतं तर वरचं वाक्य मला भूतकाळातच संपवावं लागलं असतं.

लाखेचा शब्द तर आणखी लांब फिरून आला. संस्कृतातली लाक्षा (लाक्षागृहातली तीच) फारसी-अरबीतून पश्चिमेला गेली, पोर्तुगीजांकडे ‘लाक्रे’ झाली, म्हणजे मोहोर उमटवायची लाख. आपण मोहोरबंद पत्राला लाखोटा म्हणतो ते त्याच लाखेवरून. इंग्रजीत तिचं ‘लॅकर’ झालं आणि आता डिटेलिंगवाला आपल्यालाच सांगतो, ‘सर, लॅकर गेलाय.’

मोटारी आल्या तेव्हा त्यांना घोडागाडीचंच वॉर्निश लावत. जवसाचं तेल आणि राळ यांचे थरावर थर, प्रत्येक थर वाळायला दिवसच्या दिवस. गाडी तयार असूनही रंगासाठी आठवडे अडून राहायची. फोर्डने १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळीच विकली. तिच्यावरच्या डांबरी काळ्या एनॅमलला ‘जपान’ म्हणत, कारण युरोपात ते जपानी लाखकामाची नक्कल म्हणून जन्मलं होतं. कोंडी फोडली ती युद्धाने. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांसाठी उभे केलेले नायट्रोसेल्युलोजचे कारखाने रिकामे पडले होते. त्याच पदार्थापासून ड्युपाँटने १९२३ मध्ये ‘ड्युको’ लॅकर बाजारात आणलं आणि जनरल मोटर्सची निळी ओकलंड गाडी १९२४च्या मॉडेलवर ते लेवून निघाली. आठवड्यांचं वाळणं तासांवर आलं. आपल्याकडचे सुतार फर्निचरच्या फवाऱ्याच्या रंगाला आजही ड्युको म्हणतात. त्याच १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाख संशोधन संस्था सुरू झाली. जगाला ‘लॅकर’ हवं होतं, पण त्यातली लाख निघून चालली होती.

जुन्या फियाट-अँबॅसिडरवर रंगच सगळ्यात वर असायचा. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा, आणि खाली तोच रंग असायचा, घंगाळाचंच गणित. पुढे मेटॅलिक रंग आले. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांना हवेपासून झाकायला वर पारदर्शक थर अत्यावश्यक झाला, आणि गणित बदलून कल्हईचं झालं. म्हणून दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणाऱ्यांनी एक समजून घ्यावं: पॉलिश रेघ भरत नाही, रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडून काढतं. दर खेपेला काही मायक्रॉन जातात. ५०मधून वजा करत राहा. मेण मात्र वर बसतं, ते कितीही वेळा लावा.

मालवणच्या गाडीला आणखी एक शेजारी नडतो, आंबा. सावलीला म्हणून कलमाखाली गाडी लावली की चिकाचे थेंब पडतात. आंबा, काजू, बिब्बा आणि ज्या झाडाच्या चिकापासून खरी जपानी लाख निघते ते झाड, सगळी एकाच कुळातली. बिब्ब्याने परीट कपड्यांवर खुणा करत, त्या जन्मात जात नसत. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या टरफलाचं तेल आपले लोक होड्यांना चोपडत आले. आज त्याच तेलातून जहाजांच्या रंगांसाठी कडक करणारी द्रव्यं बनतात आणि गाडीच्या ब्रेक लायनिंगमध्येही ते जातं. चाकावरची काळी भुकटी धुताना वेंगुर्ल्याच्या काजूची आठवण काढायला हरकत नाही.

धुण्याची रीत एवढं कळल्यावर वेगळी पाठ करावी लागत नाही. कोरडं काही फिरवायचं नाही. आधी सावलीत नुसतं पाणी, टपावरून खाली, धूळ भिजून सुटेपर्यंत. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि प्रत्येक भाग झाला की मिट साध्या पाण्यात खळबळून काढायचा, म्हणजे वाळू तिथे बुडाशी राहते. धुण्याचा सोडा नको, मेण उतरतं. चाकांचं फडकं चाकांनाच. चीक आणि पक्ष्यांची विष्ठा ओलं फडकं ठेवून आधी मऊ करायची. शेवटी मायक्रोफायबर टेकवून पाणी टिपायचं. पॉलिएस्टरचे असे अतिबारीक धागे जपानच्या तोरे कंपनीने १९७०च्या सुमारास काढले, तेही नकली सुएड चामड्यासाठी. उन्हात वाळू द्यायचं नाही. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात आणि प्रत्येक थेंब मागे क्षारांचं कडं सोडतो.

हे सगळं दोन बादल्या पाणी आणि एक मोकळा तास गृहीत धरतं. पुण्यात आमच्या सोसायटीत गाड्या धुणाऱ्या काकांकडे यातलं काहीच नाही. एक बादली, एक फडका, सकाळी आठच्या आत पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची वाळू पंधराव्या गाडीवर जाते, आणि सोसायटी दुसरी बादली भरू देत नाही. माझी गाडी पुसू नका म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, महिन्याचे पैसे गेले असं त्यांना वाटलं. आता पैसे तेवढेच, काम काचा आणि चाकांचं. बाकी रविवारी मी.

मालवणात आमच्या आज्याला हे सगळं थेर वाटतं. ‘‘गाडी चालवूक घेतलंस, की बघूक?’’ असं तो विचारतो. पण जून ते सप्टेंबर तोही माझ्या बाजूने असतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बिनक्षाराचं पाणी, जोरात, फुकट. सर थांबायच्या आत मी मिट घेऊन बाहेर पळतो, आणि तो पडवीत बसून गाडीचा कुठला कोपरा राहिला ते सांगतो.