फावल्या वेळाचा इतिहास : ठाणे ते कल्याण

मराठीत ‘फावणे’ हे मोठे चमत्कारिक क्रियापद आहे. ‘चोरांचे फावले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात संधी साधल्याचा अर्थ असतो. ‘फावला वेळ’ म्हणतो तेव्हा मोकळिकीचा. संधी आणि सवड या दोन्ही गोष्टी एकाच धातूत शेजारी-शेजारी नांदत आहेत. त्यातही सवड आपोआप होते असे क्वचितच. बहुधा ती ‘काढावी’ लागते, विहिरीतून पाणी काढावे तशी. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील माणसे गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे वेळेशी जी झटापट करीत आली आहेत, तिचा विचार करताना आम्हांला हे दोन शब्दप्रयोग वारंवार आठवतात.

या झटापटीची सुरुवात एका सुट्टीने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास, हा तपशील वाचकांच्या परिचयाचा असेलच. आम्हांला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. त्या दिवशी मुंबईत सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली होती. ज्या गाडीने पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सकाळ-संध्याकाळ गिळल्या, ती पाहायला लोक कामधाम सोडून रुळांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ही गाडी कल्याणला पोहोचली.

घटका आणि प्रहर मोजणाऱ्या समाजाला आता मिनिट मोजणे भाग पडले. त्यातही घड्याळे एकमेकांशी सहमत नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, शहर मुंबईच्या वेळेने, आणि दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. १८८१ मध्ये मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न झाला, तो दोनच वर्षांत सोडून द्यावा लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिका ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ धरून बसली, ती थेट १९५५ पर्यंत. हा निव्वळ हट्ट होता असे आम्हांला वाटत नाही. आपल्या माथ्यावरचा सूर्य खरा की कचेरीतले घड्याळ, हा प्रश्न त्यात होता.

परंतु घड्याळाच्या या राज्यात वेळ फावली कोणाला? दोन माणसांची आठवण होते.

पहिली कल्याणच्या जोशींची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहाच दिवसांत गेले. तिला शिकवण्याच्या ध्यासाने गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र १८८० च्या सुमारास तिकडच्या एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेव्हा समोर पडलेला तो अंक त्यांनी चाळला. साऱ्या कथेचे बिजागर इथे आहे. एका बाईचा दवाखान्यातला रिकामा अर्धा-पाऊण तास, आणि त्यातून कल्याणच्या एका मुलीसाठी उघडलेले दार. पत्रव्यवहार सुरू झाला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीवर चढल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या.

गोपाळरावांचा स्वभाव हेकट आणि पुष्कळदा क्रूर होता. तेव्हा ही संधी आनंदीबाईंनी साधली की ती त्यांच्यावर लादली गेली, यावर वर्गावर्गांतून वाद होतो आणि तो व्हावाही. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना तो नवा नाही. आमचे मत असे की आरंभ गोपाळरावांचा, पण बोटीवर टाकलेले पाऊल तिचे. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक ठरली होती. पण क्षयाने ग्रासलेली आनंदी मायदेशी परतून काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात वारली. वय पुरते बावीसही नव्हते. ‘आधी संसार मार्गी लागू दे, मग पाहू’ असे ती म्हणाली असती, तर ते ‘मग’ तिच्या वाट्याला आलेच नसते. आणि हेही तितकेच खरे की परक्या देशातील थंडी आणि आबाळ यांनी तिची प्रकृती ढासळली. संधी नेहमी दयाळू असतेच असे नाही.

दुसरे विनायक लक्ष्मण भावे. ठाण्याचे, विज्ञानाचे पदवीधर, व्यवसाय मिठाचा. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत ते होते. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाचा रस्ता आजही या ग्रंथाच्या अंगणातून जातो. भावे काही कोणत्या महाविद्यालयात मराठीचे अध्यापक नव्हते. मिठाचा हिशोब सांभाळणाऱ्या माणसाने जुनी बाडे जमवावीत, वाचावीत, त्यांतून कवींची परंपरा लावावी, हे काम निवृत्तीची वाट पाहून होणारे नव्हते. आज संशोधनासाठी रजा मागणाऱ्या आम्हां मंडळींनी यावर फार बोलू नये हे बरे. असो.

विसाव्या शतकात मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या, आणि नोकरदारांची वस्ती रुळांच्या कडेने ठाण्यापलीकडे, डोंबिवली-कल्याणपर्यंत सरकत गेली. दिवसाचे दोन-तीन तास गाडीला वाहिलेले. मग ज्यांना वेळ उरला नाही त्यांनी तो गाडीतच शोधला. ठरलेल्या लोकलच्या ठरलेल्या डब्यात टाळ वाजवीत भजन म्हणणारी मंडळे, महिलांच्या डब्यात निवडल्या जाणाऱ्या मेथीच्या जुड्या, दसऱ्याला झेंडूने मढवलेला डबा, आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात उघडलेले वाचनालयाचे पुस्तक. याचे फार गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरायला हवा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गच्च भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसे रुळांवर पडली आणि काहींनी प्राण गमावले. तीही आपल्या ठरलेल्या गाडीनेच निघाली होती.

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. ती पाहता पाहता महाराष्ट्रभर पसरली. आम्हांला तिच्यातील घोषणांपेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोज पहाटे एकमेकांना कोपराने ढकलून गाडी पकडणारी माणसे वर्षातून एक सकाळ फडके रस्त्यावर एकाच दिशेने, आणि सावकाश, चालतात.

२५ मार्च २०२० रोजीही पाडवा होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली; लोकल त्याआधीच थांबल्या होत्या. यात्रा निघाली नाही. डोंबिवलीकराला रोजचे दोन-तीन तास अचानक परत मिळाले आणि त्यांचे काय करावे हे कोणाला कळेना. वेळ होता, पण फावला नव्हता. आजार, पगारकपात आणि दोन खोल्यांत कोंडलेले घर यांनी तो भरून गेला. सर्वसामान्यांना, तेही लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना, लोकलची दारे १५ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली.

राज्यातील सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ रोजी, पुन्हा पाडव्यालाच. स्वागतयात्रा परत रस्त्यावर आली. त्या दिवशी शनिवार होता, १८५३ च्या त्या सोळा एप्रिलसारखाच.