ताट बदललं की तब्येत बदलते: हद्रमौतचे चाऊस, सोमाली निर्वासित आणि आपण

धाराशिवपासून नांदेडपर्यंत मराठवाड्यात ‘चाऊस’ हे आडनाव आपल्या ओळखीचं आहे. या कुटुंबांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौत भागातून आले. ‘चाऊस’ हा मुळात तुर्की फौजेतला हुद्दा. हद्रमौतपासून एडनचं आखात ओलांडलं की सोमालिया लागतो. दोन्ही किनाऱ्यांवरचे लोक घर सोडून दूर गेले; एक पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू, दुसरे युद्धामुळे एकाएकी. दोघांच्या ताटाचं आणि तब्येतीचं काय झालं, हे आपल्या घरांनीही समजून घेण्यासारखं आहे.

निजामाच्या फौजेतले अरब

निजामाच्या राज्यात अरब शिपायांना मोठी मागणी होती. हैदराबादचं ‘बारकस’ हे त्यांच्याच वस्तीचं नाव, ‘बॅरॅक्स’ या शब्दावरून पडलेलं. धाराशिव जिल्हाही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली आणि सोलापूरकडून आलेल्या फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. संस्थान विलीन झालं तशी अरबांची शिपाईगिरी संपली. अनेकांना अटकेत ठेवण्यात आलं, बऱ्याच जणांना एडनला परत धाडलं. जे राहिले ते मिळेल त्या धंद्याला लागले आणि इथलेच झाले.

भाषा बहुतेक घरांत दखनी-उर्दू आणि मराठी झाली, पण पदार्थ टिकला. कुटलेला गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटलेलं ‘हरीस’ त्यांनी सोबत आणलं. हैदराबादेत त्यात डाळी आणि गरम मसाला पडला आणि त्याचं हलीम झालं. ते लोकप्रिय करण्याचं श्रेय सुलतान सैफ नवाज जंग यांना दिलं जातं. ते मुकल्ल्याच्या कुऐती घराण्यातले. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे सणाचं ताट जुन्या मुलखाचं राहिलं, रोजचं ताट मात्र इथल्या मातीचं झालं.

सोमाली ताट

सोमालियात १९९१ मध्ये सरकार कोसळलं आणि यादवी पेटली. लाखो लोक केनियाच्या दादाब छावणीत, येमेनमध्ये, तिथून ब्रिटन, स्वीडन, अमेरिकेत गेले. अमेरिकेत सर्वांत मोठी सोमाली वस्ती मिनेसोटा राज्यात आहे.

त्यांचं जेवण आपल्याला परकं वाटणार नाही. सकाळी ‘अंजेरो’, म्हणजे आंबवलेल्या पिठाची जाळीदार धिरडी. दक्षिण सोमालियाचं मुख्य धान्य आपलीच ज्वारी, आणि अंजेरोतही ती पडते. दुपारी मसालेभात, बकरीचं मटण आणि सोबत केळं. वेलदोडा-दालचिनीचा गोड चहा. इफ्तारला ‘संबूस’, म्हणजे आपला समोसा. इटलीच्या राजवटीमुळे पास्ताही घरचाच झाला. गुराख्यांच्या घरी उंटाचं दूध हेच मोठं अन्न.

परदेशात काय बिघडलं?

पदार्थांची नावं तीच राहिली, आतला माल बदलला. अंजेरोत ज्वारीच्या जागी मैदा आला. उंटाचं दूध मिळेनासं झालं, बाटलीतलं गोड पेय मिळू लागलं. चहातली साखर तेवढीच राहिली, पण जनावरांमागची मैलोगणती चाल बंद झाली. बाहेर बर्फ, घरात बसणं. वजन वाढलं, त्यामागून साखरेचा आजार आला.

दुसरी अडचण उन्हाची. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं पडतं की सावळ्या त्वचेला त्यातून पुरेसं ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. अंग झाकलेलं असेल तर आणखी कमी. म्हणून सोमाली बायकांमध्ये ही कमतरता, हाडं-स्नायू दुखणं जास्त आढळतं. यावर पडदा सोडायची गरज नाही. रक्ततपासणी करून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी पुरते.

तिसरी गोष्ट अफवेची. गोवराच्या लसीनं मुलं ऑटिस्टिक होतात, ही भीती मिनेसोटाच्या सोमाली वस्तीत पसरली. ज्या १९९८ च्या लेखावरून ती सुरू झाली, तो ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये मागे घेतला होता. तरी लस टाळली गेली आणि २०१७ मध्ये तिथं गोवराची साथ आली. रुग्णांत बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुलं होती.

आणि मनाचं दुखणं. दादाबमध्ये परदेशी जाण्याच्या तीव्र ओढीला ‘बूफिस’ म्हणतात. नंबर लागला नाही की माणूस खचतो, त्यालाही हाच शब्द. ‘वेड लागलं’ म्हणतील या भीतीनं बरेच जण डॉक्टरकडे जात नाहीत.

आपल्या घरांसाठी

धाराशिवहून पुणे-मुंबईला किंवा आखातात गेलेल्या घरांतही हेच घडू शकतं. शाळूची भाकरी सुटते, पाव-परोठा येतो, बिर्याणी आठवड्याची होते. उस्मानाबादी बकऱ्याचं मटण वाईट नाही. त्यामागे शेतातली मेहनत होती, ती गेली.

• रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरी, डाळ, पालेभाजी ठेवा. हलीम, बिर्याणी सणाला खा, पोटभर खा, पण रोज नको.

• साखरेचा आजार असेल तर रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. औषधाची वेळ आणि डोस स्वतःच्या मनानं बदलू नका. इन्सुलिन आणि काही गोळ्यांनी रोज्यात साखर एकदम खाली येऊ शकते.

• रोज्यात बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. आजाऱ्याला दीननं सूट दिली आहे.

• पोरांची लस चुकवू नका. मोबाईलवर आलेला मेसेज आधी डॉक्टरांना दाखवा.

• परगावी राहणारा मुलगा किंवा सून गप्प गप्प झाली, झोप उडाली, तर ‘नजर लागली’ म्हणून थांबू नका. दुआही करा आणि दवाही घ्या.

चाऊस घरांनी सणाचं हरीस जपलं आणि रोजचं जेवण इथलं केलं. सोमाली घरांना तेवढी सवड मिळाली नाही. आपल्याला ती आहे. गाव सुटलं तरी ज्वारीचं पीठ कुठल्याही शहरात मिळतं.